बाई, आखर मोडला नाई

बाई,

शोकसभेत मले बोलू दिलं नाई, म्हणून हे लिहून राह्यलो. चवथीपर्यंतच शिकलो, ते तुमाले माहीत आहे. माझं अक्षर चिखलातून ढोर गेल्यासारखं येते, तेबी माहीत आहे. वाचून घ्या.

सभागृहात तुमचा फोटो मांडला होता. मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण झालं, तवापर्यंत सगळं नीट होतं. फोटोत तुमी दात दाखवून हसत होत्या. तवाच मले समजलं, हा फोटो राजुऱ्याचा, माहेरच्या भिंतीवरून काढून आणलेला. इथी तुमी असं कधी हसल्याच नाई. इथी तुमी नाकातून हसायच्या, तेबी कोणाची फजिती झाली तर. मग भाषणं सुरू झाली. एकजण म्हणाला, बाई म्हणजे मायेचा सागर. तुमी अन् सागर! नाला म्हटला असता तर मान्य केलं असतं, तोबी भरलेला. दुसरा म्हणाला, बाईंच्या आत्म्याला शांती लाभो. तुमच्यात आत्मा मानत नाई, हे तुमी मलेच तीनदा समजावून सांगितलं होतं, त्याले कोणी सांगितलं नसेल. मी मागच्या रांगेतून म्हटलं, "बाईले शांती काऊन पायजे? जित्या होत्या तवा कोनाले शांत बसू दिलं काय त्याईनं?" दोन बाया हसल्या. सरपंचानं माझा हात दाबला. "दसरूभाऊ, आज नको."

मग प्रभारी डॉक्टर उठले. तुमच्या खुर्चीवर अजून कोणाले पाठवलं नाई. शेजारचे दोन ढोराचे दवाखाने ज्याच्या गळ्यात आहेत, त्याच्याच गळ्यात आपला तिसरा बांधला. लातूरकडचा आहे, तरणा आहे, मले काका म्हणते. माणूस वाईट नाई, हे आधीच सांगून ठेवतो, नाईतर तुमी म्हणाल दसरूभाऊ नव्या माणसाले पाहून आधी शिंगं काढते. तो म्हणाला, "मॅडमचं कार्य आपण पुढं नेऊ. फक्त यंदा पावसाळ्याआधीची लस गावोगाव जाऊन देता येणार नाही. गाडी नाही, डिझेल नाही, माणूस नाही. सगळ्यांनी आपापली जनावरं दवाखान्यात घेऊन यावीत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, बाई!

मी उभा राह्यलो. "कोसमटोल्याची ढोरं इथी कशी येतीन?" एवढंच तोंडातून निघालं, अन् सरपंचानं दोन मिनिटं मौन जाहीर केलं. सगळे मुंड्या खाली घालून उभे. तुमाले मान देऊन राह्यले होते की मले गप करून राह्यले होते, मले तर काही समजलं नाई. मौन संपलं अन् चहा आला.

कोसमटोला तुमाले काय सांगू. पण हे लिहिलेलं कोणाच्याबी हाती पडल, त्याले समजलं पायजे. आपल्या दवाखान्याच्या हद्दीतला तो शेवटचा टोला, लहानशी वस्ती, नाल्यापलीकडं, जंगलाच्या पोटात. पाऊस लागला की नाला भरते अन् टोला जगापासून तुटते. त्याच्या आधी लस झाली तर झाली. नाई झाली अन् घटसर्प शिरला, तर सकाळी गळा सुजलेलं ढोर सांजेले आडवं पडते. बैल गेला की धानाचा चिखल कोणाच्या जिवावर करायचा? तिथली ढोरं दवाखान्यात हाकायची म्हणजे वाघाच्या वाटेनं हाकायची, अन् वाटेतल्या गावांच्या ढोरांत मिसळून आणायची. एकाले रोग असला की सगळ्याईले. हे माझ्या डोक्यातलं नाई. तुमचंच आहे. "भाऊ, लस ढोराजवळ जाते. ढोर लसीजवळ जात नाई." किती वेळा ऐकलं ते! आता कान आसुसले तर म्हणणारं कोणी नाई.

मी तुमचा ड्रेसर. जनम त्या नोकरीत गेला. जखमा धुवायच्या, ढोर धरायचं, साहेबाचं ऐकायचं. तुमच्या आधी किती डॉक्टर आले अन् बदली घेऊन गेले, त्याईचे चेहरे एकमेकांत मिसळून गेले. त्याईच्या काळात शिबिर व्हायचं. मंडप, कापडी फलक, हार, दुपारी उद्घाटन. साहेब लोक मंडपात अन् ढोरं जंगलात. सांजेपर्यंत दहा-वीस ढोराईले सुई लागायची, अन् बाकीची लस फ्रीजमध्ये लाईट जाऊन मरायची. तुमी आल्या अन् पहिल्याच वर्षी विचारलं, "भाऊ, गावातली सगळी ढोरं एकाच जागी केव्हा असतात?" मी म्हटलं, सकाळी, आखरावर. गावाबाहेरच्या त्या मोकळ्या जागेत ढोरं जमतात, तिथूनच गायकी, म्हणजे ढोरं राखणारा, त्याईले जंगलात चारायले नेते. तुमी म्हणाल्या, "मंग मंडप कशाले? आखरावरच जाऊ." झालं. शिबिर बंद. उजाडायच्या आत आखर, अन् एकदा ठरलेला आखर मोडायचा नाई.

मी तवा चिडलो होतो. पहाटे उठा लागते म्हणून नाई. उद्घाटनाचा चिवडा बंद झाला म्हणून. तुमाले तेबी समजलं होतं, अन् तुमी पहिल्या आखरावर पिशवीतून चिवड्याचा पुडा काढून माझ्यासमोर धरला. "घ्या भाऊ, उद्घाटन करा." नाकातून हसल्या.

दवाखान्यात होतं काय? डिझेलचा पैसा मार्चात यायचा अन् मार्चातच परत जायचा. गाडी होती, ती बाभळीखाली उभी राहून तिच्यातून वेल निघाला. मागून सरकारची फिरती गाडी आली, तिचं चाक डांबराच्या बाहेर उतरत नव्हतं. लसीले थंडावा पायजे, अन् आपल्याकडं लाईट पाव्हण्यासारखी. तुमी बाजारात मासोळ्या विकणाऱ्या सुमनबाईजवळ गेल्या. ढिवराची बाई ती, तोंडानं तिखट. "डाक्टरीनबाई, बर्फ माह्या मासोळ्याचा हाये, तुमच्या गाईचा नाई." तुमी तिच्या बकरीचा पाय बसवून दिला. तवापासून बाजाराच्या सांजेले बर्फाचा एक तुकडा आपला. थर्माकोलचा डबा माझ्या फटफटीच्या मागं बांधायचा. त्या डब्याले मासोळीचा असा वास लागला की आपण गावात शिरलो की आधी कुत्रे यायचे, मग माणसं. एका आखरावर म्हातारी म्हणाली, "बाई, ढोराले मासोळी खाऊ घालता काय?" तुमी म्हणाल्या, "हो, अन् तुमाले सुई टोचते." म्हातारी पळाली.

पट्टीले कापूस नसला तर पार्बताची जुनी लुगडी. माझी बायको पार्बता तुमच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव लावायची. मी घरी आलो की आधी विचारायची, बाई जेवली काय. मी जेवलो काय, हे नंतर. लुगडं उकळून, वाळवून, पट्ट्या फाडून ती डब्यात भरून द्यायची. आपल्या हद्दीत अर्ध्या बैलांनी पार्बताच्या लुगड्याचे काठ पायाले बांधले असतीन.

अन् तो खोडा! सुई देताना ढोर अडकवून धरायचा सांगाडा. दवाखान्यातला लोखंडी खोडा उचलून गावोगाव नेणार कोण? तुमी ठरवलं, हरेक आखरावर लाकडाचा खोडा. चार खांब, दोन आडवे दांडे, गावानं करायचा. वनरक्षकानं लाकूड अडवलं. तुमी त्याले म्हटलं, "ढोराचा रोग तुमच्या जंगलातल्या रानगव्याले लागला तर तुमीच पंचनामा करत बसान. त्यापेक्षा पडलेलं झाड दाखवा." त्यानं दाखवलं, अन् खड्डेबी खोदू लागला.

मग कोणी तरी तालुक्याले फोन केला: बाईनं गावोगाव खोडा घातला. तिथला साहेब नवा, मोठ्या शहरातला. त्याले वाटलं, बाई सरकारी कामात खोडा घालून राह्यली. जीप घेऊन आला, तोंड लाल.

"मॅडम, तुम्ही खोडा घातल्याची तक्रार आहे."

"हो, घातला," तुमी म्हणाल्या. "पाच गावात घातला. राह्यलेल्या गावातबी घालणार."

"अहो, तुम्ही सरळ कबूल करताय?"

"कबूल कशाले? या, दाखवते."

दाखवला. साहेबाच्या हातात दावं दिलं, म्हटलं, घट्ट धरा. गाय आत, साहेब बाहेर, शेण बुटावर. अन् त्याची जीप हाती लागली म्हणून तुमी त्याच जीपीत बर्फाचा डबा टाकून दोन गावं त्याच दिवशी उरकली. तो साहेब जाताना तुमाले हात जोडून गेला. हे त्या सभेत कोणी सांगितलं नाई. मायेचा सागर म्हणे.

आता आपलं भांडण.

तुमाले वाटत असेल, मेल्यावर तरी दसरूभाऊ ते सोडल. नाई सोडत.

आमची म्हैस अडली त्या दिवशी मी सुट्टी घेऊन घरी होतो. तुमी पहाटे डबा बांधून निघाल्या, रस्ता आमच्या अंगणासमोरून. मी आडवा झालो. तुमी उतरल्या, म्हशीजवळ बसल्या, हात घालून पाह्यलं. "रेडकू वाकडं आहे भाऊ. वेळ लागते."

"लागू द्या."

तुमी मागं डब्याकडं पाह्यलं. कोसमटोल्याच्या पलीकडच्या गावात घटसर्प लागला होता. आभाळ काळं झालं होतं, नाला केव्हाबी भरला असता. बर्फ तर पाणी होतच होता. "कुरखेड्याच्या डॉक्टरले फोन लावते," म्हणाल्या. लागला नाई. "परत येते, भाऊ." अन् गेल्या. म्हशीनं तुमची वाट पाह्यली नाई.

त्या पावसाळ्यात कोसमटोल्यात एक ढोर दगावलं नाई. सगळे म्हणाले, बाई बरोबर. पार्बताबी म्हणाली. म्हैस तिची, शेणापाण्यापासून धारेपर्यंत सगळं तिचं, अन् तीच म्हणते, "टोल्यातल्या लोकाईचं सगळं गोठ्यातच बांधलं असते. आपल्या घरी पगार तरी येते." मी म्हटलं, तू गप. मी तुमच्याशी बोलणं टाकलं. काम करत होतो, पण बोलत नव्हतो. तुमी म्हणायच्या, "दसरूभाऊले सांगा, दावं आवळा," अन् खोड्यापाशी आपण दोघंच! सांगणार कोण, तो बैल?

माझं म्हणणं तवा होतं तेच आज आहे. तुमी थांबायले पायजे होतं. तुमी म्हणायच्या, एका म्हशीसाठी टोला सोडू काय? मी म्हणतो, एक की सगळे, हा हिशेब तुमच्यासमोर मांडलाच कोणी? दोन डॉक्टराचं काम एका बाईवर टाकलं. तिनं छातीवर दगड ठेवून एक ढोर सोडलं अन् बाकीचे वाचवले, की वरचे म्हणतात, पाहा, एकातच भागते! तुमी थांबल्या असत्या, लस बुडाली असती, टोल्यात ढोरं मेली असती, तर कोणाले तरी जाब द्यावा लागला असता. तुमी सगळं ओढून नेलं, म्हणून त्याईचं फावलं. आज पाहा, एका माणसावर तीन दवाखाने.

हे मी तुमाले तोंडावर म्हटलं होतं. तुमी औषधाच्या बाटल्या पुसून राह्यल्या होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "भाऊ, ते जाब देतीन तवा देतीन. ढोर त्याच दिवशी मरते." याच्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अजून नाई. पण उत्तर नाई म्हणून मी चूक, असं होत नाई, बाई.

तुमी माफी मागितली नाई. मी मागा म्हटलं नाई. पण एक गोष्ट मी पाह्यली. आमच्या म्हशीचं दूध तुमच्याकडं जायचं. म्हैस मेल्यावर तुमी दुसरीकडं दूध लावलं नाई. शेवटपर्यंत कोरा चहा प्याल्या. कोणी विचारलं तर सांगायच्या, दुधानं पित्त होते. पार्बता मले म्हणायची, "पाहा, पित्त झालं बाईले." मी म्हणायचो, होऊ दे.

पार्बता खाटेवर पडली तवा तुमी रोज यायच्या. ढोराची डॉक्टरीन माणसाले काय करणार, पण बसायच्या. तिच्या केसाले तेल लावायच्या. एक दिवस तिनं तुमचा हात धरून म्हटलं, मी दारातून ऐकलं, "बाई, याच्याशी भांडत राहा. नाईतर हा गप बसून मरून जाईल." ती गेली, अन् तुमी तिचा शब्द पाळला. सांज झाली की अंगणात येऊन बसायच्या अन् काहीबी काढायच्या. दसरूभाऊ, तुमी खुरं चुकीची कापता. दसरूभाऊ, तुमची कोंबडी लंगडते. मी रिटायर झालो तरी येत होत्या. मले त्या वेळी राग यायचा. भात शिजवायचं राहून जायचं अन् मग तुमीच चुलीत लाकूड घालत म्हणायच्या, भांडणानं भूक लागते. पार्बता गेल्यावर मी त्याच्यावरच जगलो, हे तुमाले समजत होतं काय? समजत असेल. तुमाले सगळंच समजायचं, तोच तर राग होता.

मग तुमाले ताप आला. आपल्याकडं ताप कोणाले येत नाई? गडचिरोलीले नेलं, तिथून नागपूरले. गाडीत चढताना म्हणाल्या, "आल्यावर बोलू तुमच्या म्हशीचं." मी म्हटलं, "या तर खरं." बस. एवढंच बोललो. आणखी काही बोलायले पायजे होतं काय, ते मले अजून सुचलं नाई.

तर सभेच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याच्या ओसरीवर जाऊन बसलो. भाषण केलं नाई, अर्ज केला नाई. बसलो. प्रभारी आला, कुलूप उघडलं, म्हणाला, "काय काका, काही काम?" म्हटलं, नाई. बाकीचे दोन दवाखाने सांभाळून परत आला, मी बसलेलोच. पुढच्या दिवशी वाटेतल्या गावाचे दोन गायकी आले अन् माझ्या बाजूले बसले. मग आणखी. काठ्या मांडीवर, तोंडात तंबाखूचा खर्रा, सगळे प्रभारीकडं पाहून राह्यले. मी त्याईले आधीच सांगून ठेवलं होतं, ढोरं आणू नका, साथ पसरते, बाई वरून शिव्या देतीन. माणसंच या. सुमनबाई बाजारातून येऊन पायरीवर मासोळ्या निवडत बसली. त्याले चहा पिववेना.

शेवटी बाहेर आला. "काका, तुम्हाला हवंय काय?"

"कोसमटोला."

"गाडी नाही."

"फटफटी हाये. नाल्यापासून पायी."

"लस न्यायला बर्फ?"

सुमनबाई म्हणाली, "हे घ्या. पन वासाची तक्रार करायची नाई."

"ड्रेसर नाही माझ्याकडं."

"मी हाओ."

"तुम्ही रिटायर झालात."

"हात नाई झाले. सुई तुमी द्या, मी ढोर धरतो. ढोर धरायले सरकारी हुकूम लागत नाई."

तो पायरीवर बसला. घाम पुसला. मग मले त्याचं तोंड नीट दिसलं, बाई. झोप नसलेलं. म्हणाला, "काका, मला काय जायचं नाही असं वाटतं का? तिन्हीकडं मीच. एका ठिकाणी गेलो की दुसरीकडं माणसं माझ्या नावानं ओरडतात. यंदा तुमच्या टोल्याला गेलो, तर पुढच्या वर्षी जाता येईल याची काय खात्री?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षीचं पुढं पाहू. गाडी अन् मानूस मागायले या वेळी आमीबी वरच्याईसमोर तुमच्यासंगं ओरडू. पन टोला मरू देऊन ओरडनार नाई." हे तोंडातून निघालं अन् मीच चमकलो. अर्धं माझं होतं, अर्धं तुमचं.

गेलो. पहाटे नाल्याजवळ त्यानं डबा उघडला. एका बाजूचा बर्फ सगळा वितळला होता. त्या बाजूच्या बाटल्या त्यानं काढून वेगळ्या ठेवल्या. मी म्हटलं, "थंड तर आहेत." "नाही वापरणार." "अजी, एवढ्याश्यानं काय होते?" "काका, नाही म्हणजे नाही." मोजून जास्तीच्या घेतल्या होत्या म्हणून भागलं. मी त्याले बडबडलो, पण तवा तो मले थोडा आवडला.

आखरावर सगळी ढोरं उभी होती. तिथला म्हातारा गायकी लालसू, तुमाले आठवत असेल, त्यानं दोन दिवस ढोरं जंगलात उशिरा नेली होती, लसीचे दिवस आले म्हणून. सांगायले कोणी गेलं नव्हतं. त्यानं जोहार केला, माझ्या मागं पाह्यलं, नव्या माणसाच्या मागं पाह्यलं. "बाई कुठी?"

तिथी फोन लागत नाई. कोणाले काही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "बाई नाई. लस हाये."

लालसू खाली बसला. बाया बसल्या. तिथी कोणी मौन जाहीर केलं नाई, पण ढोरंबी हलली नाई असं मले वाटलं. खोटं असेल, ढोरं हलतातच. मग लालसूच उठला, धोतरानं तोंड पुसलं अन् म्हणाला, "मंग धरा."

धरलं. डॉक्टरचा हात हलका आहे. एका गोऱ्ह्यानं त्याले लाथ घातली, तो चिखलात बसला, अन् सगळा टोला हसला. तोबी हसला. ऊन वर आलं तवा शेवटच्या वासराले सुई लागली. लस झाली, बाई. आखर मोडला नाई.

मग सगळे थांबले. ढोरं सोडायची होती, पण लालसू सोडेना.

त्या टोल्याची रीत तुमाले सांगावी लागत नाई. लसीनंतर जो "सोडा" म्हणल, त्याच्यावर त्या ढोराईचा भार. पुढची लस होईपर्यंत ढोराले काही झालं, की त्याच्या दारी जायचं. तुमाले पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. घाईत म्हणाल्या, "सोडा आता, उशीर झाला," अन् टोला हसला. मग लालसू पावसापाण्यात कोस तुडवत दवाखान्यात यायचा, "तुमी सोडली, आता तुमीच पाहा." तुमी मले विचारलं, आधी सांगितलं काऊन नाई? मी म्हटलं, सांगितलं असतं तर म्हटलं असतं काय तुमी?

तर आता लालसू माझ्याकडं पाहून राह्यला. मी म्हणावं, असं त्याच्या मनात होतं. मी म्हातारा माणूस, किती दिवसाचा? मी तोंड मिटून घेतलं अन् डॉक्टरकडं पाह्यलं.

तो सुया डब्यात ठेवत होता. वर पाहून म्हणाला, "थांबलात कशाला? सोडा की."

टोला असा हसला, बाई! बाया पदर तोंडाले लावून हसल्या. त्यातल्या अर्ध्या रडूनबी राह्यल्या होत्या. लालसूनं आवाज दिला अन् ढोरं जंगलाकडं निघाली.

मी त्याले लगेच सांगितलं नाई. नाला ओलांडल्यावर सांगितलं. फसवलं म्हणा तर फसवलं, मले काही वाटलं नाई. तो उभाच राह्यला. मले वाटलं, आता चिडते, तुमी चिडल्या होत्या तसा. पण तो मागं वळून पाहून राह्यला. ढोरं झाडीत शिरली होती, गळ्यातल्या लाकडी घंटा तेवढ्या वाजत होत्या.

म्हणाला, "काका, त्यातली एक काळी गाय मागच्या पायानं लंगडत होती ना?"

"होती."

"मग मी सोडायला नको होतं." अन् डबा माझ्या हातात देऊन तो परत नाल्यात उतरला.

एका गाईसाठी फिरला तो, बाई. तिकडं दोन दवाखान्यांत माणसं त्याची वाट पाहून राह्यली असतीन, तरी फिरला. तुमी फिरल्या नव्हत्या. तुमी म्हणाल, लस देऊन झाली होती, बर्फाची घाई नव्हती, तवा फिरायले काय जाते? म्हणा. मोठ्यानं म्हणा. अंगणात बसलो आहो, भात चुलीवर आहे, मी ऐकून राह्यलो.